निर्णय गावात, धावपळ मुंबईत

गणपतीत वाडीवर बैठक बसते. साकवाचा कठडा वाहून गेलेला असतो, पाखाडीचे चिरे निखळलेले असतात, वरच्या वाडीला एप्रिलपासून पाणी मिळालेलं नसतं, शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं उरलेली असतात आणि दुपारची एसटी बंद झालेली असते. सगळे विषय निघतात. सगळे पोटतिडकीने बोलतात, वर्गणीचे आकडेही जाहीर होतात. मग गौरी-गणपतींचं विसर्जन होतं, मुंबईच्या गाड्या भरून जातात आणि पुढच्या गणपतीत तोच साकव, तीच पाखाडी, तीच बैठक.

कळकळ कमी पडत नाही. पैसाही सहसा कमी पडत नाही. ठरवायचं कोणी आणि धावायचं कोणी, एवढं एकच नीट लागलेलं नसतं. कोकणातल्या गावांबाबत माझं मत याच एका गोष्टीवर ठाम आहे: ठरवायचं गावात राहणाऱ्यांनी आणि धावायचं मुंबईकरांनी. बऱ्याच गावांत हे उलटं चालतं. मंडळाच्या सभेत दादरला किंवा डोंबिवलीला ठरतं आणि ते निस्तरत बसतो गावातला एकटा सरपंच. हा लेख गावात राहणाऱ्यांसाठी आहे तसाच मुंबई-पुण्यात, आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या चाकरमान्यांसाठीही.

ही जोडणी नवी नाही. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, गावाच्या नावाच्या खोल्या असत. बायको-मुलं गावाला आणि पुरुष खोलीत, अशी पिढ्यान्‌पिढ्या रीत होती. गोव्यातल्या गावांचे असेच ‘कूड’ धोबीतलावच्या आसपास होते. बोटीवर जाणारा किंवा बोटीवरून उतरलेला गावचा माणूस तिथे हक्काने राहायचा. गावात कोणाचं छप्पर उडालं, कोण आजारी पडलं, हे खोलीत त्याच आठवड्यात कळायचं आणि कोणी काय करायचं ते पथारीवर बसूनच ठरायचं. 18 जानेवारी 1982 पासूनचा गिरणी संप, मग गिरण्या बंद होणं, मग नालासोपारा, दिवा, बदलापूर. खोली गेली आणि तिच्याबरोबर रोजची भेटही गेली. आजच्या मंडळाला वर्षातून दोन-तीनदा भेटूनच तेवढं काम करायचं आहे, म्हणून त्याची घडी अधिक काटेकोर हवी.

आधी ग्रामसभा

गावाच्या प्रश्नावर कायद्याने मान्य असलेली बैठक एकच, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्यांचं नाव, ते तिचे सभासद. इथेच मुंबईकराची पहिली अडचण होते. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. दोन ठिकाणच्या याद्यांत नाव ठेवता येत नाही आणि नोंदणीसाठी खोटं निवेदन देणं हा गुन्हा आहे. त्यामुळे निवडणुकीपुरतं गावात नाव लावून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. परदेशात नोकरी करणाऱ्या आणि भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेल्या माणसाला मात्र पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मत द्यायला त्याला स्वतः यावं लागतं.

ज्याचं नाव डोंबिवलीच्या यादीत, त्याने गावच्या ग्रामसभेत हात वर करायचा नाही, आणि हे योग्यच आहे. साकवावरून रोज पोर शाळेत पाठवणारी बाई आणि वर्षाचे दहा दिवस तिथे येणारा माणूस यांच्यात शब्द तिचाच चालला पाहिजे. मुंबईकराने आपला विषय वाडीतल्या सभासदाकरवी मांडावा.

आता वेळेचं गणित पाहा. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्या रूढीने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात येतात. म्हणजे वाडीच्या बैठकीत निघालेला विषय 2 ऑक्टोबरच्या सभेत नेता येतो, आणि पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याचं कामही त्याच सुमारास सुरू होतं. या सभेच्या आधी विषय लेखी दिला नाही, तर तो आराखड्यात येत नाही, आणि आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे वर्षभर निधी शोधत फिरावं लागतं. म्हणून गणपतीच्या बैठकीतून उठताना एकच विचारा: यातले कोणते दोन विषय 2 ऑक्टोबरला जाणार आणि अर्ज कोण लिहिणार? दोनच. दहा विषय नेले, तर एकाचाही ठराव धड होत नाही.

सभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. छोट्या गावात तेवढी माणसं जमवणं हेही कामच आहे. मुंबईकरांनी आदल्या दिवशी घरोघर फोन करून आपल्या माणसांना सभेला पाठवलं, तरी मोठी मदत होते. नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती कागदावरच उरकली जाऊ नये. पाणी, शाळा, रेशन आणि आरोग्य उपकेंद्र यांच्यातली खरी अडचण तिथेच बोलली जाते. मुंबईच्या मंडळाची कार्यकारिणी बहुतेक ठिकाणी नुसत्या पुरुषांची असते. ती तशी राहिली, तर तुमच्या कामांच्या यादीत कमान आधी येईल आणि विहिरीचा काठ नंतर.

ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. त्या प्रतीशिवाय मुंबईतली कोणतीही धावपळ सुरू करू नका. ठराव नसेल तर पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत तुम्ही एक तक्रार करणारे गृहस्थ असता. ठराव असेल तर तुम्ही गावाचं काम घेऊन आलेले असता.

पाण्याचं काम नोव्हेंबरात

सगळ्या प्रश्नांत पाण्यावर अधिक लिहायला हवं, कारण चाकरमान्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा पाण्याच्या बाबतीत नेमक्या फसव्या आहेत. गणपतीत तो येतो तेव्हा विहीर काठोकाठ, वहाळ दुथडी. मे महिन्यात येतो तेव्हा विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट पाहणं चालू असतं. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे होतं, याचं कारण जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. मुरलेलं पाणी फार दिवस थांबत नाही, झऱ्यांवाटे निघून जातं.

ते अडवायची वेळ आहे पाऊस ओसरल्यानंतरची, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर. वहाळाची धार बारीक झाली, पण आटली नाही, अशा दिवसांत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून, तोंडं शिवून, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत रचल्या की वनराई बंधारा उभा राहतो. खर्च नगण्य, श्रम मात्र पुष्कळ. आसपासच्या विहिरींचं पाणी त्यामुळे काही आठवडे जास्त टिकतं. गुरांना पाणी मिळतं, वायंगणी भाजीपाला होतो. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने घालायचा. आणि नेमके या दोन महिन्यांत गावात सगळ्यांत कमी माणसं असतात! मंडळाच्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे: गणपतीच्या आणि शिमग्याच्या सुट्टीतून एक शनिवार-रविवार कापून नोव्हेंबरात लावा. रिकाम्या गोण्या मुंबईतल्या बांधकामांवरून गोळा करून आधीच पाठवून ठेवा. बंधारा कुठे घालायचा हे गावातल्या जुन्या माणसाला विचारा. धार कुठे टिकते, ते त्याला नेमकं ठाऊक असतं.

मे महिन्यात विहीर आटलेली पाहून अनेक मुंबईकर तिथल्या तिथे बोअर मारून द्यायला निघतात. हेतू चांगला असतो, पण खालच्या वाडीचा झरा कोणाच्या बोअरने आटला, हा वाद मग पिढीभर चालतो. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून जागा तपासून घ्या. त्याहून आधी विहिरींची नोंद ठेवायला लागा. दर महिन्याच्या 1 तारखेला गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती हात आहे, ते वहीत लिहायचं. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात. वर्षभराची ही वही हातात असलेल्या गावाला योजनेच्या बैठकीत अभियंता वेगळ्या नजरेने ऐकतो.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं तेव्हा माणशी रोज 55 लिटर हे माप ठरलं. घरासमोर नळ आला म्हणजे काम झालं असं नाही. योजनेचा उद्भव मे महिन्यात किती पाणी देतो, पंपाचं वीजबिल कोण भरतं आणि पाणीपट्टी किती जण देतात, हे तीन प्रश्न विचारा. बंद घराचा मालक वर्षातले दहा दिवस पाणी वापरतो म्हणून पाणीपट्टी देत नसेल, तर योजना बंद पाडण्यात त्याचाही वाटा आहे.

नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, हिवरे बाजारचं उदाहरण पुष्कळ वेळा दिलं जातं. तिथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी, जमीन वेगळी, त्यामुळे तिथली कामं जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. घ्यायचं ते एवढंच, की पाण्याचा ताळेबंद तिथे दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून कोणतं पीक घ्यायचं हे ठरतं. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले त्यानंतरच्या वर्षांत बाहेर गेलेली कुटुंबं गावात परतली.

मुंबईकराची खरी ताकद

चाकरमान्याला वाटतं आपली ताकद वर्गणी. माझ्या मते ती त्याहून जास्त आहे. त्याला कागद वाचता येतो, कार्यालयात जाता येतं, आणि तो गावातल्या कोणाच्या दबावाखाली नसतो. ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कोणालाही पाहता येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021–22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती आणि 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी. आपल्या गावाने ती कशावर खर्च केली, हे मंडळातल्या एकाने बसून उतरवून काढावं आणि सरपंचांना आधी दाखवावं, सगळ्यांसमोर नाही. बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

ज्या मिटत नाहीत त्यांच्यासाठी 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. तो भारताच्या कोणत्याही नागरिकाला वापरता येतो, गावच्या यादीत नाव असो वा नसो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, ती उलटली की पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा. ‘गावात भ्रष्टाचार किती झाला’ असं विचारू नका. अमुक साकवाच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि कामपूर्तीचा दाखला, असं नेमकं मागा. तरीही हे शेवटचं पाऊल आहे. ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, अनेकदा एकाहून जास्त गावं असतात. पहिल्याच भेटीत त्याच्यावर अर्ज टाकून मुंबईला निघून जाणारा माणूस गावातल्यांचं रोजचं काम अवघड करून ठेवतो.

मोठा प्रकल्प येतो तेव्हा या ताकदीची खरी परीक्षा होते. राजापूर तालुक्यात नाणारच्या आणि पुढे बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून गावं कशी ढवळून निघाली ते आपण पाहिलं आहे. प्रकल्प हवा की नको हे इथे सांगायचं नाही, तो त्या त्या गावाचा निर्णय. पण ज्या प्रकल्पाला पर्यावरणविषयक जनसुनावणी लागते, तिथे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवसांची पूर्वसूचना आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. सुनावणीत बोलण्याचा अधिकार प्रामुख्याने तिथे राहणाऱ्यांचा, पण ज्याचा वाजवी संबंध पोचतो त्याला लेखी म्हणणं पाठवता येतं. मुंबईकराने अहवाल मिळवावा, गावात बसून वाचून दाखवावा आणि आपलं म्हणणं लेखी द्यावं.

पैसा आणि मानपान

मंडळ नोंदणीकृत हवं. महाराष्ट्रात बहुतेक मंडळं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं न दिल्याने बँकेतलं खातं अडकलेली मंडळं मी पाहिली आहेत. जमाखर्च दोन ठिकाणी वाचून दाखवा, मुंबईच्या सभेत आणि गावात देवळाच्या सभामंडपात. रोख वर्गणी शक्य तितकी टाळा.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत एक बारकावा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत ठरतो. 2010 च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला त्याचे पैसे घेता येत नाहीत. प्रेमाने पाठवलेली रक्कम परत करायला जड जातं, पण परत करावीच लागते.

देऊळ आणि गावाचं काम यांची खाती वेगळी ठेवा. जीर्णोद्धाराला माणूस हात सैल सोडतो आणि साकवाला आखडतो, हे माणसाच्या श्रद्धेचं आहे, त्यात वाद घालून उपयोग नाही. वेगळं खातं असलं की साकवासाठी आलेला रुपया साकवालाच लागतो. आणि शिमग्याचे मान, पालखी कोणाच्या दारी आधी, कोणाच्या घराण्याचा नारळ, हे प्रश्न कामाच्या बैठकीत आणूच नका. पालखीच्या वादात पाण्याची योजना अडकलेली गावं आहेत. गावात दोन पार्ट्या असतील, तर मुंबईत दोन मंडळं काढून त्या वादाला बळ देऊ नका.

सातबारावरची सही

एक काम असं आहे, की जे गावात राहणारा कितीही धडपडला तरी करू शकत नाही. टाकीला दोन गुंठे हवेत, रस्त्याला कडेची पट्टी हवी, निधीही मंजूर आहे. पण सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यातली काही पणजोबांची, निम्मी माणसं मुंबईत आणि दोन-चार कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. संमतीपत्र पूर्ण होत नाही, निधी परत जातो. ही गाठ सोडवणं हे मंडळाने वर्षाचं काम म्हणून घ्यावं, बाकी काही झालं नाही तरी चालेल.

आधी प्रत्येक घराने आपला सातबारा काढावा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. मयत नावांची वारसनोंद करून घ्या. अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या देता येतो. मृत्यूचे दाखले आणि वारसांची नावं जुळवायला भावकीतल्या वयस्कर बाईला सोबत घेऊन बसा, कारण सासरी गेलेल्या आत्यांची आणि बहिणींची नावं तिलाच आठवतात. ती नावं कायद्याने वारस आहेत. त्यांना वगळून नोंद करू नका.

जमीन विकायची वेळ आली, तर दलालाला होकार देण्याआधी वाडीत विचारा. तुमच्या सातबाऱ्यातून कोणाची पाणंद जाते, गुरं कुठून पाण्यावर उतरतात, झरा कोणत्या बांधाखाली आहे, हे कागदावर दिसत नाही. विकणं हा तुमचा हक्क आहे. पण कुंपण पडल्यावर वळसा घालावा लागतो तो गावात राहणाऱ्याला.

शाळेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांनी संगणक पाठवण्याआधी समितीला विचारावं. कित्येकदा गरज संगणकाची नसून पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडून मुलं आणण्याची असते.

आणि तुमचं स्वतःचं बंद घर. घरपट्टी वेळेवर भरा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग असतो. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या मे महिन्यात छाटून घ्या, नाहीतर जूनच्या पहिल्या वाऱ्यात अख्ख्या वाडीचा वीजपुरवठा जातो. परसातल्या विहिरीचं पाणी शेजाऱ्यांना न्यायला मोकळं ठेवा. आई-वडील एकटेच गावात असतील, तर वाडीतल्या दोन घरांत तुमचा फोन नंबर, त्यांच्या औषधांची यादी आणि 108 ला फोन केल्यावर रुग्णवाहिकेला सांगायची रस्त्याची खूण लिहून ठेवा. निघताना किल्ली कोणाकडे ठेवली हेही मंडळातल्या एकाला सांगून ठेवा.